पैसे मागाहून मिळतील

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधनाच्या अनुदानांवरून आपल्या अंकात गेल्या आठवड्यात दोन पत्रं छापून आली. एकाचं म्हणणं, संशोधनाचा पैसा निव्वळ गुणवत्तेवर द्यावा, त्यात वर्ण, जात, बाई-पुरुष आणू नये. दुसऱ्याने त्याचीच री ओढली होती. दोन्ही पत्रं वाचून मला माझी जुनी प्रयोगशाळा आठवली.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं टेक्निशियन होते, २०१६ साली निवृत्त झाले. डॉक्टर नाही, प्रोफेसर नाही. वॉर्डातून आलेल्या ट्यूबांवर नंबर घालायचे, मशीन लावायचं, आकडे उतरवायचे आणि सही करणाऱ्या साहेबांची वाट बघायची, एवढंच माझं काम. पण अनुदान कोणाच्या पदरात पडतं आणि कोणाचं हुकतं, हे प्रयोगशाळेच्या स्टुलावरून जेवढं दिसतं तेवढं समितीच्या टेबलावरून दिसत नसावं. पत्र लांबणार आहे. कापायचं झालं तर मधली अमेरिका कापा, कवांट तालुक्यातल्या मुलीची गोष्ट ठेवा.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट. रक्ताच्या रिपोर्टवर उजवीकडे 'नॉर्मल रेंज' छापलेली असते. आपला आकडा तिच्या आत बसला की लोक सुटकेचा श्वास सोडतात. ती रेंज येते कुठून? बहुतेक वेळा किटच्या खोक्यात आठ घड्या घालून कोंबलेल्या पातळ कागदावरून. कंपनीने कुठल्यातरी गावच्या निरोगी माणसांचं रक्त तपासून ठरवलेला तो आकडा. त्याच कागदावर, भिंगाने वाचावं अशा अक्षरात, असंही लिहिलेलं असतं की प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या भागातल्या लोकांवरून आपली रेंज ठरवून घ्यावी. हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलं. रेंज ठरवताना मात्र आमच्याकडे कोणाला एकदाही पाहिलं नाही. माणसं नाहीत, वेळ नाही, त्यासाठी वेगळा पैसा नाही. कागदावरचा आकडा कॉम्प्युटरात चढवला की झालं. मग कवांटचा मजूर असो की रावपुऱ्यातला सराफ, त्याचं रक्त त्या परक्या गावच्या मापाने मोजलं जायचं.

आता ती मुलगी. २०१४ ची गोष्ट आहे. आदल्याच वर्षी बडोदे जिल्ह्यातून छोटा उदेपूर वेगळा निघाला होता. कवांटच्या बाजूची राठवा या आदिवासी समाजाची एक मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती. राखीव जागेवर आलेली. हे मुद्दाम सांगते, कारण गुणवत्तेचं पुढे येणारच आहे. नाव सांगत नाही, महाविद्यालयाचंही नाही आणि ज्या योजनेची गोष्ट सांगणार आहे तिचंही नाही.

एक दिवस ती दोन रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलाशी आली. दोन्ही तिच्या मामांचे. मामा प्राथमिक शाळेत मास्तर. उपाशीपोटी साखर एकदा १३४, एकदा १३८. म्हणजे डायबेटिस, कारण १२६ च्या पुढे तो धरतात. पण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी आली होती ६.२, आणि तिची रेघ ६.५ ला. म्हणजे डायबेटिस नाही. डॉक्टरांनी दुसरा कागद खरा मानून मामांना गोड कमी खा सांगून घरी पाठवलं होतं.

"बेन, मशीन जूठुं बोले?" तिने विचारलं. मशीन खोटं बोलतं का.

मी त्या नमुन्याचा आलेख काढला. एचपीएलसी मशीन हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून कागदावर डोंगरासारखे उंचवटे काढतं. मामांच्या आलेखात नेहमीच्या डोंगराच्या शेजारी आणखी एक डोंगर उभा होता, एस हिमोग्लोबिनचा. मामा सिकल सेल या आनुवंशिक रक्तदोषाचे वाहक होते. आई किंवा बाप, एकाकडूनच आलेला दोष. माणूस धडधाकट, काही त्रास नाही. असे जादा डोंगर मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. 'व्हेरियंट दिसतो' एवढा शेरा लिहायचा आणि पुढची ट्यूब लावायची. हा डोंगर शेजारच्या आकड्याला ढकलतो का, हे माझ्या कधी मनात आलं नाही. साहेबांच्याही आलं नसावं. तिच्या आलं, कारण डोंगर तिच्या मामांचा होता.

सिकल म्हणजे काय हे तिला पुस्तकाआधीच माहीत होतं. गुजरात सरकारने २००६ पासून आदिवासी पट्ट्यात सिकलची तपासणी सुरू केली. ती शाळेत असताना तिथे शिबिर झालं होतं. बोटातून रक्ताचा थेंब काढून छोट्या नळीतल्या द्रावणात टाकायचा, मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. द्रावण निवळ राहिलं तर रेघा दिसतात. एस असेल तर ते गढूळ होतं आणि रेघा बुडतात. तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या रेघा बुडाल्या होत्या, तिच्याही. गढूळ नळीवरून वाहक कोण आणि रोगी कोण हे कळत नाही, त्यासाठी पुढे आमच्यासारख्यांकडे नमुना यावा लागतो. तोवर काय, असा प्रश्न तिच्या आईने शिबिरातल्या ताईला विचारला होता म्हणे. उत्तर मिळालं नव्हतं.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या दिवसांत तिच्यावर साखरेचं जे पुट चढतं ते एचबीए१सी मोजते. सिकलचा पुरा रोग असलेल्या माणसाच्या पेशी लवकर मरतात, म्हणून त्यांच्यात हा आकडा फसवा येतो. हे पुस्तकात होतं. नुसत्या वाहकांचं काय, हे आमच्याकडच्या पुस्तकात नव्हतं. तिने ठरवलं की आपल्या तालुक्यातल्या साठ जणांचं रक्त आणायचं, वाहक आणि बिनवाहक असे दोन गट करायचे आणि साखर नि एचबीए१सी समोरासमोर ठेवून बघायचं. वीस वर्षांच्या मुलीने वहीच्या पाठच्या पानावर हे आखलं होतं. मी चौतीस वर्षांत पाहिलेल्या प्रबंधांपैकी निम्म्यांत एवढा सरळ प्रश्न नव्हता.

त्या काळी विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची एक योजना होती. अर्ज इंग्रजीत. मुलगी गुजराती माध्यमातली, घरी राठवी बोलणारी. तिचा अर्ज मी आणि बायोकेमिस्ट्रीतल्या एका तरुण मॅडमनी बसून लिहून दिला, म्हणजे इंग्रजी आमचं आणि डोकं तिचं. मार्गदर्शक म्हणून ज्या सरांची सही हवी होती ते म्हणाले, विषय फार लोकल आहे. त्यापेक्षा होस्टेलच्या मुलांची झोप घे, प्रश्नावली वाट, आठवड्यात काम होतं. ती ऐकेना. शेवटी सही झाली. अर्ज मंजूरही झाला.

मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी तिने लॅबमध्ये सगळ्यांना पेढे दिले. पत्र मी वाचलं. त्यात खाली लिहिलं होतं की विद्यावेतन अंतिम अहवाल स्वीकारला गेल्यावर दिलं जाईल. रसायनं, ये-जा, इतर खर्च यांसाठी वेगळी रक्कम नाही.

मी क्लार्कला विचारलं, हे कसं? तो म्हणाला, "पैसे मागाहून मिळतील ना. कुठे पळतायत?"

संपादक महाराज, सगळी मेख या मागाहूनमध्ये आहे. ज्याच्या घरात दोन महिने पैसे अडकवायची ऐपत आहे त्याला ही योजना म्हणजे बक्षीस. ज्याच्या घरात नाही त्याच्यासाठी ती कर्ज, आणि तेही अहवाल नापास झाला तर बुडीत. अर्जावर जात विचारली नव्हती, उत्पन्न विचारलं नव्हतं. सगळ्यांना एकच नियम. पत्रलेखकांना हवी तशी निव्वळ गुणवत्ता.

किटचं मी बघितलं. एका किटमध्ये छापलेल्या आकड्यापेक्षा पाच-दहा टेस्ट जास्त निघतात, जुन्या टेक्निशियनला विचारा. त्या मी तिला दिल्या. साहेबांना ठाऊक होतं. ते त्या वेळी नेमके खिडकीबाहेर बघत असायचे. देव त्यांचं भलं करो.

अडलं ते राहण्याचं. काम सुट्टीत करायचं होतं, आणि सुट्टीत मेस बंद, होस्टेलला रंग लावायला काढलेलं. तिला दोन महिन्यांसाठी खोली हवी होती.

आमच्या घरी गच्चीला लागून एक खोली आहे. नणंद लग्न होऊन गेली तेव्हापासून रिकामी. एका रविवारी संध्याकाळी ती मुलगी आली. सासूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी तिला पाणी दिलं, पंखा लावला आणि विचारलं, "तारी अटक शुं?" गुजरातीत आडनावाला अटक म्हणतात. मराठीत त्या शब्दाचा अर्थ वेगळा, आणि त्या दिवशी तोही लागू पडला. आडनाव ऐकून सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "खोलीत सामान भरलंय गं."

खोलीत एक ट्रंक होती. फक्त एक.

सासूबाईंच्या नावावर हे खपवता आलं असतं. त्या गेल्या आहेत, काही म्हणणार नाहीत. पण वाक्य माझं होतं. शिवाय मी त्या मुलीचा अर्ज लिहून दिला होता, तिच्या विषयाचं चारचौघांत कौतुक केलं होतं. अर्जापुरती मी तिच्या बाजूची होते. ती हसून "कंई वांधो नहीं, बेन" म्हणाली. जाताना तिने रिकामा पेला मोरीत विसळून पालथा घातला. तो पेला मला अजून दिसतो.

मग तिने गावाहून ये-जा केली. एका बाजूला शंभराच्या वर किलोमीटर. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, त्यात राखाडी झाकणाच्या ट्यूब साखरेच्या, जांभळ्या झाकणाच्या एचबीए१सीच्या. पहाटे लोकांचं उपाशीपोटी रक्त घ्यायचं, एसटी पकडायची, दुपारी आमच्याकडे पोचायचं. मे महिना. एकदा बोडेलीपाशी बस बंद पडली, पेटीत नुसतं पाणी उरलं आणि आल्यावर ट्यूब फिरवून पाहिल्या तर वरचा पिवळा थर लालभडक. सगळं रक्त फुटलेलं. अकरा माणसांच्या अकरा सकाळी वाया. ती त्या लोकांकडे परत जाऊन पुन्हा सुई टोचू का म्हणून विचारू शकली नाही. आमच्या रक्ताचं करतेस काय, असं गावात आधीच बोलू लागले होते.

साठांपैकी तेवीस नमुने झाले. अहवाल वेळेत गेला नाही, पैसे आले नाहीत. तिची हिशेबाची वही मी पाहिली होती: एसटी, बर्फ, कापूस, केळी, पुन्हा एसटी. बेरीज साडेसहा हजारांच्या आसपास. पेरणीच्या तोंडावर तिच्या घरातून तेवढे गेले. त्या वर्षी झोपेची प्रश्नावली वाटणाऱ्या मुलाला मात्र विद्यावेतन मिळालं. तो मुलगा वाईट नव्हता हो, हुशार होता. त्याचं घर बडोद्यातच, अलकापुरीत होतं एवढंच.

आता अमेरिका. कापायची तर इथून कापा.

२०१७ साली, मी घरी बसल्यावर, त्याच बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमनी मला मोबाईलवर एक लेख पाठवला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला. ४,६२० काळ्या अमेरिकनांवरचा अभ्यास. साखर सारखीच असताना सिकलच्या वाहकांची एचबीए१सी सुमारे ०.३ ने कमी येते, असा निष्कर्ष. मी कागद काढून ६.२ मध्ये ०.३ मिळवले. बेरीज ६.५. मामांची रेघ.

तो अभ्यास तिथे होऊ शकला, कारण नमुने आधीपासून तयार होते. १९८५ साली हृदयविकाराचा एक मोठा अभ्यास सुरू करताना त्यांनी ठरवूनच जवळजवळ निम्मे लोक काळे घेतले होते. पुढे २००० सालापासून मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात ५,३०६ काळ्या माणसांचा एक स्वतंत्र अभ्यास उभा राहिला. आणि, हे मला सगळ्यात आवडलं, त्याच अभ्यासाला जोडून तिथल्या टूगलू या काळ्या विद्यार्थ्यांच्या जुन्या कॉलेजात मुलांना संशोधनाचं शिक्षण द्यायची सोय केली, शिष्यवृत्तीसकट. नमुना ज्यांचा, त्यांच्याच मुलांना प्रश्न विचारायला शिकवायचं.

तिथेही सगळं गोमटं होतं असं नाही. २०११ साली त्यांच्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या अर्जांची छाननी प्रसिद्ध झाली. शिक्षण, अनुभव, आधीचे लेख सगळं जमेस धरूनही काळ्या शास्त्रज्ञांना अनुदान मिळण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा शंभरामागे दहाने कमी निघालं. कारण शोधत २०१९ साली दुसरा अभ्यास आला, त्यात एक कारण निघालं विषय. काळे शास्त्रज्ञ लोकवस्तीचे, आरोग्यातल्या विषमतेचे विषय जास्त घेत, आणि त्या विषयांनाच मुळात पैसा कमी मिळे. वाचताना मला आमच्या सरांचा आवाज ऐकू आला. फार लोकल आहे.

लोकल नसलेलं काय असतं मग? करोनात घरोघर बोटाला लावलं ते ऑक्सिजनचं यंत्र घ्या. २०२० च्या डिसेंबरात तिकडे लेख आला: यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा झालं आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा. कातडीच्या रंगाने यंत्र फसतं ही शंका जुनीच होती. तिच्यामागे जोर लावून कोणी लागलं नव्हतं. सिकलचंही तेच. तिथे सिस्टिक फायब्रोसिस हा बहुतांशी गोऱ्यांत होणारा आजार आहे. त्याचे रुग्ण सिकलच्या रुग्णांच्या साधारण एक तृतीयांश. तरी दर रुग्णामागे सरकारी संशोधनाचा पैसा सिकलच्या तिपटीहून जास्त, असा हिशेब २०२० साली एका अभ्यासात मांडला गेला.

आणि २०२५ साली विविधतेच्या नावाखालचे हे उद्योग बंद म्हणून एनआयएचने शेकडो अनुदानं मधूनच तोडली. मागास समाजातल्या विद्यार्थ्यांना संशोधनात आणणाऱ्या प्रशिक्षणाच्या योजनाही गेल्या. जूनमध्ये बॉस्टनच्या न्यायाधीशांनी हे बेकायदा ठरवलं, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारला तूर्त मोकळीक दिली. पत्रलेखकांना यात गुणवत्तेचा विजय दिसला. मला थर्माकोलच्या पेटीतलं पाणी दिसलं. चालू अभ्यास मधेच थांबला की नुसता पैसा थांबत नाही, आणून ठेवलेले नमुने फुकट जातात, आणि ज्यांनी हात पुढे केला होता ते पुन्हा करत नाहीत.

अमेरिका संपली. आता बडोदे, कारण या विषयात बडोद्याला कोणाकडून शिकायची गरज नव्हती.

१९१३ साली सयाजीराव महाराजांनी महूला जन्मलेल्या एका तरुणाला न्यूयॉर्कला शिकायला पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. डॉ. आंबेडकरांची ही गोष्ट इथे शाळेतल्या पोराला ठाऊक असते. मी सांगते ती 'दरमहा'साठी. महाराज जर म्हणाले असते, आधी पदवी घेऊन ये, अहवाल दाखव, मग बिलं बघू, तर? माझं माहेर इंदूरचं, म्हणून होळकरांचंही सांगते. रखमाबाईंना डॉक्टरकीसाठी लंडनला जायचं होतं तेव्हा शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले. रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि पुढे आमच्या गुजरातेत, सुरतेला, बायकांचं इस्पितळ सांभाळलं. राजेमहाराजांची भलावण करायला मी बसलेले नाही, पण पैसा केव्हा द्यायचा हे त्यांना कळत होतं.

जे महाराजांनाही जमलं नाही ते खोलीचं. १९१७ च्या सप्टेंबरात तो तरुण परदेशातून शिकून संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आला आणि त्याला राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिला. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात आले. ओळखीच्यांच्या घरीही सोय झाली नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत तो कमाटी बागेत एका वडाखाली बसून राहिला. त्या वडाखाली आज संकल्पभूमी हे त्याचं स्मारक आहे. मी रोज सकाळी बागेत फिरायला जाते, आमच्या घरून चालत वीस-पंचवीस मिनिटं. २०१४ च्या त्या रविवारनंतर पुष्कळ दिवस मी दुसऱ्या फाटकाने आत जात होते.

म्हणून माझं मागणं लहान आहे. देशाचं धोरण बदला असं मी म्हणत नाही. केंद्राच्या चांगल्या योजना आहेत, २०२० साली स्त्री-संशोधकांसाठी वेगळं अनुदान सुरू झालं, अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठीही आहे, २०२३ साली संशोधनासाठी नवं राष्ट्रीय प्रतिष्ठान कायद्याने स्थापन झालं. पण या सगळ्या गोष्टी जो शास्त्रज्ञ होऊन बसला त्याच्यासाठी. विसाव्या वर्षी वहीच्या पाठीमागे प्रश्न लिहिणाऱ्या पोराला पहिले दोन महिने कोण सांभाळणार? विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा निदान अर्धा पैसा काम सुरू व्हायच्या दिवशी हातात द्या. अहवाल आला नाही तर उरलेला अर्धा देऊ नका, कोण नको म्हणतंय. राहण्याचा नि एसटीचा खर्च अर्जातच मांडायची सोय ठेवा आणि सुट्टीत होस्टेलची एक विंग उघडी ठेवा, रंग दिवाळीत लावा. अर्जातला प्रश्न गुजरातीत, मराठीत, हिंदीत लिहिलेला चालू द्या. इंग्रजी करायला आमच्यासारखे निवृत्त लोक फुकट बसलेले आहेत. आणि दर वर्षी कोणत्या जिल्ह्यातल्या किती मुलांनी अर्ज केले, किती मंजूर झाले, मंजूर झालेल्यांपैकी किती जणांचं काम मधेच सुटलं, हे छापा. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो कोणी ठेवत असल्याचं माझ्या पाहण्यात आलं नाही. त्या मुलीची नोंद आमच्याकडे 'मंजूर' म्हणूनच राहिली.

गुणवत्तेबद्दल पत्रलेखकांशी माझं भांडण नाही. उलट मी म्हणते, नीट मोजा. किटमधल्या कागदावरची रेंज जशी दुसऱ्याच गावची, तशी ही गुणवत्तेची रेंजही कुठल्या गावच्या मुलांवरून ठरवली ते एकदा बघा.

१ जुलै २०२३ ला शहडोलहून सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. म्हणजे लाखो वाहक कागदावर येणार, आणि त्यातले कितीतरी पुढे डायबेटिसच्या तपासणीला येणार. ती मुलगी आता सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. संशोधनाच्या वाटेला पुन्हा गेली नाही. मध्यंतरी तिच्या भागातला एक रुग्ण आमच्या ओळखीच्या लॅबमध्ये आला होता, त्याची चिठ्ठी मी पाहिली. औषधांच्या खाली तिने निळ्या पेनने गुजरातीत लिहिलं होतं: सिकल वाहक, एचबीए१सीवर भरवसा नको, उपाशीपोटी साखर बघावी. मामांचं विचारायला मी फोन केला. इन्सुलिनवर आहेत म्हणाली. निदान उशिरा झालं, एका डोळ्याने कमी दिसतं.

मग मी खोलीचं बोलले. तेव्हा सामान नव्हतं, हे सांगितलं. ती म्हणाली, "खबर हती, बेन." माहीत होतं. जिन्यावरून तिला खिडकीतून आत दिसलं होतं.

सासूबाई २०१९ साली गेल्या. खोली अजून आहे, ट्रंक खाली आणली आहे. लोखंडी कॉट, पंखा, टेबल, खिडकी पूर्वेला. पाणी सकाळी सातला येतं, अर्धा तास. जिना उभा आहे, रात्री उतरताना कठडा धरावा लागतो. दोन महिन्यांच्या संशोधनासाठी बाहेरगावहून येणाऱ्या मुलीला भाडं नाही, विजेचं बिल निम्मं. मांसाहार चालेल, भांडी वेगळी ठेवत नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणा आली तर कळवावं.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
दांडिया बाजार, वडोदरा